वाटाण्याचे रोप आणि कान्सचा बाजार : न बनलेल्या चित्रपटाला पैसे कोण देतो?

१/
१९१२ साल. विलायतेहून नुकताच परतलेला एक मराठी गृहस्थ कुंडीत वाटाणा पेरतो, समोर कॅमेरा मांडतो आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत राहतो. पडद्यावर ते रोप बघता बघता मातीतून वर येते आणि वेल होऊन वाढते. ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तिकीट लावून दाखवण्यासाठी नव्हता. तो पैसे देऊ शकणाऱ्या निवडक मंडळींना दाखवायचा होता. गृहस्थांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

२/
आज कान्स, बर्लिन, रॉटरडॅम किंवा गोव्याच्या महोत्सवात जो चित्रपटांचा ‘बाजार’ भरतो, त्याचे मर्म या कुंडीत सापडते. चित्रपट तयार होण्याआधीच त्याला पैसे लागतात. पैसे देणाऱ्याला मात्र जे अजून अस्तित्वात नाही त्यावर विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास कसा मिळवला गेला, कोणी दिला आणि त्या बदल्यात काय मागितले, याचा हा इतिहास. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

३/
आधी फाळक्यांचेच पाहू. चित्रपट शिकण्यासाठी लंडनला जायचे तर पैसे हवेत. त्यांनी आपल्या विमा पॉलिसी मित्र यशवंत नाडकर्णी यांच्याकडे तारण ठेवून कर्ज काढले. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नाही. ते थेट ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. ते त्याचे वर्गणीदार होते. संपादक केबर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण माणसाची जिद्द पाहून निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली.

४/
म्हणजे आधी ओळख, मग विद्या. परत आल्यावर वाटाण्याचे रोप दाखवून फाळक्यांनी पुन्हा कर्ज मिळवले आणि तेही पुरेना तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या भांडवलात तीन गोष्टी होत्या : मित्राचे कर्ज, विम्याचे तारण आणि पत्नीचे सोने. तिन्ही घरातल्या किंवा घराजवळच्या.

५/
१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांचे कौतुक झाले, तिथेच राहून चित्रपट करण्याचे निमंत्रणही मिळाले. त्यांनी ते नाकारले. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि मायदेशी भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा आला, पण भागीदारांशी मतभेदही आले आणि फाळके काही काळ कंपनीतून बाहेर पडले. भांडवलाबरोबर भांडवलदाराचे मतही येते, हा धडा आपल्या चित्रपटसृष्टीला पहिल्या दशकातच मिळाला.

६/
चार दशकांनी बंगालमध्ये हेच चित्र दिसते. सत्यजित राय ‘पथेर पांचाली’ करीत होते. निर्माता मिळेना, म्हणून विमा पॉलिसी आणि पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. चित्रीकरण महिनोन्‌महिने थांबले. अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने १९५५ मध्ये चित्रपट पुरा झाला आणि १९५६ मध्ये कान्सला ‘सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज’ म्हणून गौरवला गेला. दिग्दर्शकाची प्रतिभा जगाला दिसण्याआधी त्याच्या घरातले सोने सावकाराला दिसत होते.

७/
महोत्सव तर केव्हाच सुरू झाले होते. व्हेनिसचा १९३२ मध्ये, कान्सचा पहिला प्रत्यक्ष महोत्सव १९४६ मध्ये. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ मध्ये व्हेनिसला वाखाणणी झाली. १९४६ मध्ये कान्सचा सर्वोच्च सन्मान अकरा चित्रपटांना विभागून मिळाला. त्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता. पण सन्मान म्हणजे विक्री नव्हे. त्याच ‘नीचा नगर’ला मायदेशी प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यासाठी झगडावे लागले. पारितोषिक आणि पडदा यांच्यामधला दुवा कुठे तरी तुटलेला होता.

८/
तो दुवा कान्समध्ये आधी अनौपचारिकपणे जुळत होता. महोत्सवाला देशोदेशीचे निर्माते आणि वितरक येतच; हॉटेलांत, कॅफेत, खासगी खेळांनंतर सौदे होत. १९५९ मध्ये या व्यवहाराला अधिकृत रूप मिळाले : मार्शे द्यू फिल्म, म्हणजे चित्रपटांचा बाजार. सहभागी मोजकेच होते. चित्रपटगृह म्हणाल तर महोत्सवाच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेला कापडी आडोसा. आज त्याच बाजारात दरवर्षी बारा हजारांहून अधिक व्यावसायिक नोंदणी करतात.

९/
या बाजारात विकतात काय? चित्रपटाच्या रिळांना स्वतःची अशी किंमत नाही. विकले जातात हक्क. कोणत्या देशात, कोणत्या माध्यमात, किती वर्षांसाठी. या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी हक्काचे तुकडे पडतात. फ्रान्सचे चित्रपटगृहांचे हक्क एकाला, जपानचे दूरचित्रवाणीचे दुसऱ्याला. शेतजमिनीच्या वाटण्या व्हाव्यात तसा एकच चित्रपट नकाशावर वाटला जातो. हे तुकडे विकण्याचे काम करणारा मध्यस्थ म्हणजे सेल्स एजंट. बाजारातला खरा जाणकार तोच.

१०/
आता खरी गंमत. हे हक्क चित्रपट बनण्यापूर्वीही विकता येतात. पटकथा, दिग्दर्शकाचे नाव, नटांची यादी आणि एखादे पोस्टर एवढ्यावर वितरक करार करतो : चित्रपट तयार होऊन हाती आला की अमुक रक्कम देईन. सोबत थोडा विसार देतो. हा कागद घेऊन निर्माता बँकेत जातो. आपल्याकडे पूर्वी हुंडी वटवत, तशी बँक हा करार वटवते : व्याज आणि शुल्क कापून पैसे आज देते, वसुली वितरकाकडून उद्या करते.

११/
समजा, एका चित्रपटाला ५ कोटी रुपये लागणार आहेत. तीन देशांच्या वितरकांनी मिळून २ कोटींचे करार केले. बँकेने त्यावर पावणेदोन कोटी दिले. उरलेले सव्वातीन कोटी सरकारी अनुदान, सहनिर्माते आणि निर्मात्याच्या खिशातून. चित्रपट अर्धवट राहिला तर काय, ही बँकेची भीती घालवण्यासाठी ‘पूर्तता हमी’ देणारी कंपनी मध्ये येते. आकडे काल्पनिक आहेत, रीत खरी आहे. दागिन्यांच्या जागी करार आला. एका घरावरची जोखीम दहा दारांत वाटली गेली.

१२/
रीत आली की तिचा अतिरेकही येतो. १९८० च्या दशकात मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या इस्रायली चुलतभावांच्या कॅनन कंपनीने कान्सचा समुद्रकिनारा जाहिरातींनी भरून टाकला. अनेकदा आधी पोस्टर तयार होई, हक्क विकले जात आणि पटकथा त्यानंतर लिहिली जाई. विकलेल्या वचनांच्या पैशावर पुढची वचने. दशक संपता संपता कर्जाचा डोलारा कोसळला. फाळक्यांनी निदान वाटाणा खरोखर पेरला होता.

१३/
त्याच कॅननची एक गोष्ट या धंद्यात अजून सांगितली जाते. १९८५ च्या कान्स महोत्सवात गोलानने ज्याँ-ल्युक गोदार याच्याशी ‘किंग लियर’चा करार केला, तो लिहिला गेला हातपुसणीच्या कागदी रुमालावर. चित्रपट १९८७ मध्ये आला, पण गोदारने तो आपल्या मर्जीने केला. चित्रपटाच्या सुरुवातीलाच त्याने गोलानचा दूरध्वनीवरचा आवाज वापरला : काम वेळेत का होत नाही, अशी तक्रार करणारा. भांडवलाला कलेने दिलेले इतके उघड उत्तर विरळाच.

१४/
पण ज्यांच्याकडे ना नामांकित नट, ना गोदारसारखे नाव, त्यांनी काय करायचे? याचे उत्तर नेदरलँड्सच्या रॉटरडॅममधून आले. तिथल्या महोत्सवाचे संस्थापक ह्युबर्ट बाल्स. त्या महोत्सवात १९८३ मध्ये ‘सिनेमार्ट’ सुरू झाले. पुढे त्याचे स्वरूप असे घडले की तिथे तयार चित्रपट नव्हे तर नियोजित चित्रपट मांडायचे. निवडक दिग्दर्शक-निर्मात्यांसाठी टेबले मांडलेली असतात. समोर ठरावीक मिनिटांसाठी एकेक पाहुणा येऊन बसतो : निर्माता, वितरक, वाहिनीचा अधिकारी, निधीचा प्रतिनिधी.

१५/
दिवसभर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, नव्या माणसाला, नव्या उमेदीने. हल्ली ‘पिचिंग’ म्हणतात ते हेच. बाल्स १९८८ मध्ये वारले. त्यांच्या नावे स्थापन झालेला ह्युबर्ट बाल्स निधी आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना पटकथेच्या टप्प्यापासून मदत करतो. रक्कम मोठी नसते. पण बाजारात तिचा अर्थ मोठा असतो : कुणा जाणकाराने या अनोळखी माणसावर आधी विश्वास टाकला आहे. केबर्नने फाळक्यांची हेपवर्थशी गाठ घालून दिली, ते काम आता संस्था करू लागली.

१६/
भारतात काय चालले होते? १९४९ मध्ये स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली गेली. तिच्या १९५१ च्या अहवालात अर्थपुरवठ्यासाठी स्वतंत्र संस्थेची शिफारस होती. ती प्रत्यक्षात आली १९६० मध्ये : फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन. तिच्याच कर्जातून मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ झाला. १९७५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ म्हणजे एनएफडीसी स्थापन झाले आणि १९८० मध्ये जुनी संस्था त्यात विलीन झाली. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’त एनएफडीसीबरोबर ब्रिटनच्या चॅनल फोरचाही पैसा होता.

१७/
बाकी धंदा मात्र खासगी सावकारीवर चाले. चित्रपटनिर्मितीला ‘उद्योग’ असा दर्जा देण्याची केंद्राची घोषणा १९९८ मध्ये झाली. तोपर्यंत बँकांची दारे जवळजवळ बंदच. या कोंडीत काही वेगळे प्रयोगही झाले. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. तो प्रयोग अविस्मरणीय आहे. पण दर चित्रपटाला पाच लाख शेतकरी कुठून आणायचे?

१८/
२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात स्थिरावला. २००७ मध्ये एनएफडीसीने त्याच्या जोडीला ‘फिल्म बाजार’ सुरू केला. रॉटरडॅमची रीत पणजीत आली : सहनिर्मितीसाठी प्रकल्पांची मांडणी, पटकथा प्रयोगशाळा, अर्धवट चित्रपटांवर जाणकारांचा सल्ला आणि पूर्ण झालेले चित्रपट परदेशी निवडकर्त्यांनी पाहावेत म्हणून दर्शनकक्ष. २०२५ मध्ये तो ‘वेव्ह्ज फिल्म बाजार’ या नावाने भरला. ज्या दिग्दर्शकाला रॉटरडॅमचे तिकीट परवडत नव्हते, त्याच्या दारात रॉटरडॅमची माणसे येऊ लागली.

१९/
या मार्गाचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा डबा. रितेश बत्रा यांना मुळात डबेवाल्यांवर माहितीपट करायचा होता. त्यातून चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्याची कथा सुचली. ‘द लंचबॉक्स’च्या पटकथेची २०१२ मध्ये सिनेमार्टमध्ये परीक्षकांनी विशेष दखल घेतली, बर्लिन महोत्सवाच्या प्रकल्प बाजारातही ती मांडली गेली. हळूहळू भारतीय निर्माते, एनएफडीसी, फ्रान्सची एसॅप फिल्म्स, जर्मनीची रोह फिल्म्स आणि अमेरिकेची सिने मोझाइक असे भागीदार जमले.

२०/
२०१३ मध्ये कान्सच्या समीक्षक सप्ताहात चित्रपट दाखवला गेला आणि प्रेक्षक पारितोषिक घेऊन आला. सोनी पिक्चर्स क्लासिक्सने उत्तर अमेरिकेचे हक्क घेतले; अमेरिकेत त्याने चाळीस लाख डॉलरहून अधिक कमाई केली. ऑस्करसाठी मात्र त्या वर्षी भारताने ‘द गुड रोड’ हा गुजराती चित्रपट पाठवला. त्याची निर्मिती एनएफडीसीची, आणि ‘लंचबॉक्स’मध्येही एनएफडीसी भागीदार. बाजारात मिळालेली पत घरच्या समितीपुढे चालेलच असे नाही.

२१/
दुसरे उदाहरण मराठीशी अधिक जवळचे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. पटकथेच्या टप्प्यावर ह्युबर्ट बाल्स निधीची मदत मिळाली. निर्मितीचा भार मात्र निर्माते आणि चित्रपटातले वकील विवेक गोम्बर यांनी स्वतः उचलला. २०१४ मध्ये व्हेनिसला ‘ओरिझोंती’ विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला, पदार्पणाच्या चित्रपटाचा सन्मानही मिळाला. पुढे सुवर्णकमळ आले. पण नीट पाहा : यशाच्या मुळाशी निधीइतकाच एका मित्राचा विश्वास होता. नाडकर्णी अजून निवृत्त झालेले नाहीत.

२२/
या पैशाची किंमत कोणती? युरोपातले बहुतेक सार्वजनिक निधी अट घालतात की पैशाचा काही भाग आमच्या देशात खर्च करा. म्हणून ध्वनी, संगीत, रंगसंस्करण यांसाठी तिथले तंत्रज्ञ येतात. ही अट उघड असते. दुसरी अट कुणी लिहीत नाही : टेबलापलीकडच्या माणसाला कथा पंधरा-वीस मिनिटांत समजायला हवी. जी गोष्ट परक्याला झटकन समजते तिला पैसे लवकर मिळतात. जिच्यासाठी तळटिपा लागतात, ती मागे राहते. भारतातले सावकार नायकाचे नाव विचारत. इथे ‘यात जगाला काय सापडेल?’ असे विचारतात. प्रश्न बदलला, विचारणारा उरलाच.

२३/
२०२४ मध्ये हा तिढा लख्ख दिसला. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ कान्सच्या मुख्य स्पर्धेत गेला. तीस वर्षांत असा मान भारतीय चित्रपटाला मिळाला नव्हता. त्याने ग्रां प्री पटकावले. चित्रपटात मुंबई आहे, रत्नागिरीचा किनारा आहे, छाया कदम यांनी साकारलेली घर गमावणारी पार्वती आहे. पैसा मात्र फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली आणि भारत असा पाच देशांचा. ऑस्करसाठी फ्रान्सने त्याचा प्राथमिक यादीत विचार केला. भारताने तो पाठवला नाही. हा भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटतो, असा सूर इथे लागला.

२४/
मुंबईतल्या नर्सेसची आणि कोकणातल्या स्वयंपाकीण बाईची गोष्ट परकी कशी होते? ती परकी होत नाही. तिला पैसे देणारे परके असतात. पण ते परके का, हा पुढचा प्रश्न आपण टाळतो. घरच्या पेढीने नाही म्हटले म्हणून माणूस दूरच्या पेढीवर गेला, आणि परतल्यावर घरच्यांनी विचारले, की तू आमचा कसा? फाळक्यांनी लंडनचे निमंत्रण नाकारले म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परत आल्यावर त्यांना भांडवल मिळाले नाही, हे मात्र आपल्या लक्षात राहत नाही.

२५/
जाता जाता एक व्यावहारिक सूचना. ‘कान्समध्ये झळकला’ अशी बातमी वाचाल तेव्हा नेमके कुठे, हे विचारा. महोत्सवाच्या अधिकृत विभागात निवड होणे वेगळे. समीक्षक सप्ताहासारख्या समांतर विभागात निवड होणे वेगळे. आणि बाजारात भाडे भरून खेळ लावणे अगदी वेगळे. महाराष्ट्र शासनानेही निवडक मराठी चित्रपट कान्सच्या बाजारात पाठवले आहेत. बाजारात जाणे कमीपणाचे मुळीच नाही. पण दुकान मांडणे आणि पारितोषिक मिळणे यांत फरक आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो विसरू नये.

२६/
दुकान मांडल्यावर त्यापुढचे प्रश्न अधिक महत्त्वाचे : कुणाशी बोलणे झाले? कोणत्या देशाचे हक्क गेले? पुढच्या चित्रपटासाठी कोण भागीदार मिळाला? ही उत्तरे मथळ्यांत येत नाहीत. पण पुढच्या दहा वर्षांत मराठीत कोणत्या गोष्टी पडद्यावर येतील, हे त्यांवरच ठरणार आहे. एकशे दहाहून अधिक वर्षांपूर्वी एका कुंडीतल्या रोपावर काही माणसांनी विश्वास टाकला, म्हणून पुढचे सारे घडले. आज आपल्या भाषेतले वाटाणे पेरणारे पुष्कळ आहेत. ते पाहायला कोण बसतो, एवढेच पाहायचे.

धागा समाप्त. आवडला असेल तर चित्रपट करू पाहणाऱ्या एखाद्या मित्राला जरूर पाठवा.